घर घुमतंय

हसू नका हं, पण परवा मला शिंक आली आणि मीच दचकले. झालं काय, माझी रूममेट हेतल लग्न ठरलं म्हणून खोली सोडून गेली. तिचं कपाट, पलंग, गाद्या, सगळं गेलं. नोकरीसाठी घेतलेल्या कोसाडच्या त्या खोलीत उरलो मी आणि माझी बॅग. तेवढ्यात धुळ्याहून आईचा फोन.

"तुझ्यामागे कोण बोलतंय गं?"

"कोणी नाही. प्रतिध्वनी आहे."

"कॉलेजातले शब्द राहू दे. पोरगा आहे का?"

"आई! हेतल गेली. खोली रिकामी आहे, म्हणून आवाज परत येतो."

"मग घर घुमतंय म्हण ना. भरेल घर घुमत नही, माय; घुमतं ते रिकामं. एकटीच आहेस. बाबांना पाठवते न्यायला."

"आणि नोकरी?"

"मग दोरी बांध, साड्या-चादरी टांग. मला ते ऐकवत नाही."

टांगल्या. परत फोन लावला.

"हां, आता बरंय. राहा."

नोकरी वाचली. पण हेतलमुळे दारातूनच "आले गं" म्हणायची सवय लागली आहे. परवापर्यंत भिंती तरी ते उलटून म्हणायच्या.