बॉनेटातला देव

सन एकोणीसशे चौसष्ट, दिवाळी नुकती सरलेली, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकापासून थेट टेशनापर्यंत लागलेल्या — बरोबर ना, बद्रुद्दीन? अन् दिवस बुडायचा बाकी हाय, हे बी बरोबर. माणिकरावनं तुले दिवस बुडेपर्यंत सांगितलं होतं — तवर चालू झाली तर गाडी तुह्या हाती, नाही तर यापुढं कडूबा मिस्तरीच्या, म्हणजे माह्या हाती. साऱ्या मलकापुरानं आयकलं ते. मंग उन्हातच बैल लावून माह्या दारात काऊन ओढत आणली? बस त्या बाकड्यावर. बोलू नको. तू बोलला का मले राग येते.

कशी दिसते पाह्य. दोन माणसांची गाडी, तिसरा आला तर त्यानं बॉनेटवर बसावं. जिनिंगचा साहेब विलायतेले गेला, माणिकरावनं त्याचं जिनिंग घेतलं, गाडी बी घेतली, अन् गाडी सांभाळाले दिली कोणाले? तुले. तू रस्त्याच्या पल्याड, मी अल्याड, सारख्याच टिनाखाली दुकानं आपली — पण तुले. आठ वर्षं झाली, रोज दिवेलागणीले जाते ती इथून. मी तवा चहा घेऊन बाहेर उभा राह्यतो. चहासाठी, बे. गाडीसाठी नाही. चहा हातातच थंड होते कधी कधी, ते अलग.

आता तू काय काय केलं ते सांग — नको, मीच सांगतो. बॅटरी काढून चार्जिंगले लावली, भरली, रातभर ठेवून पाह्यली, उतरली नाही. म्हणजे बॅटरी चांगली. डायनमोचे ब्रश बदलले, पट्टा ताणला, डायनमोवर बल्ब लावला, पेटला. म्हणजे डायनमो बी चांगला. कटआऊटचे पॉईंट घासले. या गाडीचा प्लस बॉडीले असते, बाकी गाड्यांच्या उलटा — तिथं बी तू चुकला नाही, दुसरा चुकला असता. तरी चार्जिंगचा काटा जागचा हालत नाही, सेल्फ ओढला का नुसता टक. हाव ना? मंग पाह्य. ही जाड वायर — एक टोक बॅटरीच्या प्लसले, दुसरं इंजनाच्या लोखंडाले. आता ओढतो सेल्फ… फिरला ना? उठू नको, बस. म्हणजे माल हाय, गिऱ्हाईक हाय, मधातला रस्ता बंद. वायर काढली. पुन्हा ओढतो — टक. आता ये इकडं, बॅटरीची पट्टी ज्या बोल्टानं बॉडीले कसली त्या बोल्टाले बोट लाव. पोळलं? दचकतोस काऊन? बोल्टाले लाव म्हणलं, देवाले नाही.

हाव, देव. तिथं काय हाय ते मले माहीत हाय. माणिकरावची आई, तानुबाई — तिनं दसऱ्याले कुलदैवताचा टाक आणला, पितळेचा, रुपयाएवढा, दोन्हीकडून तेलातला शेंदूर चोपडून. गाडीच्या पोटात देव बसवा म्हणे. माणिकरावनं बोल्ट खोलला, पट्टीखाली टाक घातला, वरून कसला. शेंदूर ओला होता तवर कसंतरी चाललं. मंग इंजनाच्या गरमीनं तो वाळला, वार्निशासारखा झाला, अन् करंट अडला. अन् तू? आजूबाजूचं सारं धुतलं, पुसलं, चमकवलं — अन् तेवढ्या बोल्टाले पाना नाही लावला. दुसऱ्याच्या देवाले हात कसा लावावा म्हणून. मान खाली घालू नको. तिथं तुह्या दर्ग्याचा धागा असता तर मी बी नसता लावला.

मले कसं माहीत? पाह्यलं म्हणून. माणिकरावनं त्या दिवशी तुले फेटा बांधला, रेशमी, तुऱ्याचा. सारे तुह्या डोक्याकडे पाहून राह्यले होते, तू बी गाडीच्या आरशात पाहून राह्यला होता. त्याच्या जिनिंगचे ट्रक मी सांभाळतो, अन् मले नारळ. तो बी घरी फोडला त नासका. मी तुह्या फेट्याकडे कायले पाहू? मी बॉनेटात पाह्यलं. तवाच समजलं, ही बसणार.

सांगितलं काऊन नाही? मले कोणी इचारलं? रोज दिवेलागणीले आयकत होतो — सेल्फ जड होत चालला, दिवे पिवळे पडत चालले, अन् मले चहा… हाव, गोड लागत होता. आजचा दिवस बुडू दिला असता त गाडी माही होती.

डोळे कायले मोठे करतोस? डोळ्याचं नाव नको काढू. परसालच्या उन्हाळ्यात माह्या तोंडावर बॅटरी फुटली, तेजाब डोळ्यात, तवा हातातलं गिऱ्हाईक टाकून रस्ता ओलांडून कोण धावलं? हौदात माहं डोकं दाबून धरलं — मी शिव्या देऊन राह्यलो, मनगटाले चावलो, अन् तू धरूनच. डाक्तर म्हणे, पाणी नसतं त दोन्ही गेले असते. अन् तू त्याचं नाव नाही काढलं कधी. एकदा जरी काढलं असतं, त भांडलो असतो, मोकळा झालो असतो. फेटा नाही सलत बे इतका. ते सलते.

सर तिकडं. देवा, हलवतो तुले, रागावू नको… निघाला. कानस दे. पाह्य, लोखंड चमकलं. पट्टी थेट लोखंडाले, अन् कसली. देव इथं वर, काट्याच्या शेजारी. तानुबाईले सांग, पोटात अंधार होता, देवाले रस्ता दिसत नव्हता. आता बाजूले हो. एकदा बसू दे मले.

गुडघे अडकते. इतक्या वर्षांत बाहेरून कधी वाटलं नाही.

आयक — एका दमात! काटा पाह्य. चढला.

झालं. उतरलो. बस तू. माणिकरावले सांग, तूच केली. माहं नाव घेतलं त उद्या येऊन बोल्ट ढिला करीन. हात जोडू नको, ऊन हाय तवर ने. बैल मी मागून धाडतो. उद्यापासून मी चहा दुकानात आत बसून घेईन.

डोळ्यांचं फिटलं. जा.