स्पून लेकवरचा हिरवा मासा

…नाही, पण मला सांगा, 'घाबरू नकोस' म्हणजे नक्की काय करायचं माणसानं? आमची सॉल्वेग, म्हणजे बायको, ती म्हणते, "केंट, चित्रंच तर आहेत, त्यात काय एवढं घाबरायचं!" चित्रंच तर आहेत! अहो, लोक अस्वलाला घाबरतात, वादळाला घाबरतात, मी स्वतःच्या हातानं केलेल्या नखाएवढ्या माशाला घाबरतो, आणि तुम्हाला सांगतो, अजूनही तो मासा दिसला की… मी फोन पालथा घालतो!

सुरुवात किती साधी होती! फोनवर ती चिमुकली चित्रं असतात ना, आयकॉन, घर, गाडी, मासा, तेवढीच देणारी एक छोटीशी वेबसाइट मी केली. तिला सांगायचं, मासा द्या, पिवळा द्या. ती पिवळा मासा देणार. संपलं! सहा रंग, एक सर्व्हर, आणि मी. आता कुणी सातवाच रंग मागितला तर? कोरी जागा दिसली की लोक बोंब मारतात, म्हणून मी ठरवलं, रंग कळला नाही तर आपला हिरवा द्यायचा. हिरवाच का? छान दिसतो म्हणून! हो, एवढंच कारण! आणि सर्व्हर आमचा मरतुकडा, चार माणसं जास्त आली की धापा टाकतो, म्हणून दुसरी हुशारी केली. एकदा चित्र मिळालं की तुमच्या फोननं ते वर्षभर जपून ठेवायचं, पुन्हा आमच्या दारात यायचं नाही. वर्षभर! केवढा शहाणा मी!

वापरणार कोण होतं? कुणी नाही. मी मजेत. आणि मग आमच्या मासेमारी क्लबच्या लवर्नबाईंना ती वेबसाइट सापडली. लवर्नबाई क्लबच्या चिटणीस, वय पंच्याहत्तर, आवाज तळ्याच्या ह्या काठावरून त्या काठाला जाईल असा. आमचं स्पून लेक हिवाळ्यात गोठतं, लोक वर बसून बर्फाला भोक पाडून मासे धरतात; त्या तळ्याचा त्यांनी नकाशा केला आणि त्यावर माझे मासे सोडले. हिरवा मासा, बर्फ भक्कम, ट्रक घेऊन जा. पिवळा, चालत जा. लाल, पाऊल ठेवू नका. मला कधी सांगितलं? दोन महिन्यांनी, चर्चच्या जेवणात, ताटात बटाट्याचं कॅसरोल वाढता वाढता. "केंट, तुझ्या माशांवर अख्खं गाव बर्फावर जातंय हं!" अख्खं गाव! ताट तिथंच ठेवून मी घरी पळालो!

तेव्हापासून मी त्या सर्व्हरला हात लावला नाही. हात काय, त्याच्याकडं मोठ्यानं श्वाससुद्धा सोडला नाही. चालतंय ना? चालू दे.

पण चांगलं बघवतं का नशिबाला? मार्च संपत आलेला, बर्फ मऊ पडायला लागलेलं, आणि लवर्नबाईंना आली दया. कुणाची? माझ्या सासऱ्यांची! ऑर्विल त्यांचं नाव. त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, जन्मापासूनच. बाई म्हणाल्या, बिचाऱ्या ऑर्विलला कळायला हवं, लाल काढू, जांभळा लावू. गुरुवारी लावला. मला विचारलं? छे! आणि जांभळा माझ्या सहा रंगांत आहे का?

नाही!

आलं का लक्षात? जिथं जिथं 'पाऊल ठेवू नका' होतं, तिथं तिथं माझ्या शहाण्या सर्व्हरनं काय दिलं? छान दिसतो तो!

शुक्रवारी मी फोनवर नकाशा उघडला होता, तेव्हा लक्षातही आलं नाही. मला कळलं शनिवारी सकाळी. कॉफी घेऊन बसलो, सहज सर्व्हरच्या नोंदी बघितल्या. 'जांभळा कळला नाही, हिरवा दिला. जांभळा कळला नाही, हिरवा दिला.' पानंच्या पानं! कप तसाच राहिला हातात. मी ओरडलो, "सॉल्वेग, बाबा कुठायत?" ती आतून शांतपणे, "गेले की सकाळीच, ओढ्याच्या तोंडाशी. वॉलाय मासे लागतायत म्हणे गळाला तिकडं." ओढ्याच्या तोंडाशी! पाणी खालून वाहतं तिथं, सगळ्या तळ्यात आधी तिथलंच बर्फ जातं! फोन लावला. वाजतोय. उचलतोय कोण! पुन्हा लावला. वाजतोय…

मग बसलो दुरुस्तीला. एका ओळीचं काम हो, सातवा रंग घालायचा. पण घाईत चुकीचीच कळ दाबली जातेय, आणि मागं सॉल्वेग उभी, आता तिचाही आवाज बारीक झालेला. "केंट, बाबांना काही होणार नाही ना?" नवीन प्रत सर्व्हरवर चढवायचं बटण दाबलं डोळे मिटून. चढली की सगळंच बंद! मासा नाही, घर नाही, काही नाही! मी देवाचं नाव घेतलं, एक स्वल्पविराम राहिला होता तो घातला, पुन्हा चढवली, आणि आला! लॅपटॉपवर जांभळा मासा, स्पष्ट, सुंदर! रडायचाच राहिलो. किल्ली घेतली आणि सुटलो.

आता ऐका हं. काठावर पोचलो, पळत उतारावरून खाली, नजर फोनमध्ये. नकाशा उघडला. ओढ्याच्या तोंडाशी मासा कुठला? हिरवा! हुश्श! मी म्हटलं, दुरुस्त तर आत्ताच केलंय, आता जो रंग दिसेल तो खराच की! हिरवा म्हणजे भक्कम. पण लांब बर्फावर काहीतरी काळं दिसतंय, बसलेलं, वाकलेलं. हाक मारली, "ऑर्विऽऽल!" हालचाल नाही. अहो, सत्तरीचा माणूस, एकटा, हलत नाही… पुढचा मागचा विचार न करता निघालो बर्फावर. आणि चाळीस-पन्नास पावलांवर आवाज आला. मोठा नाही. जुनी खुर्ची कुरकुरते तेवढाच. आणि मी छातीपर्यंत आत!

तुम्हाला सांगतो, त्या पाण्यात माणसाला आयुष्य आठवतं म्हणतात, मला आठवलं 'वर्षभर'! मी शुक्रवारी नकाशा बघितला होता ना! माझ्या फोननं तो चुकीचा हिरवा मासा तेव्हाच जपून ठेवला होता, माझ्याच हुकमानं! ओरडायला गेलो तर आवाजच फुटेना. हात टेकावा तर बर्फ मोडतंय. खरं सांगतो, तेव्हा वाटलं, संपलो. सॉल्वेगला कोण सांगणार, एवढंच डोक्यात.

इतक्यात मागून दोर आला, फटकन तोंडावर. "धर! आणि पाय झाड, गाढवा!" ऑर्विल! काठावर! दोर ट्रकला बांधलेला, ट्रक मागं घेतला आणि मला फरफटत बाहेर ओढला, वॉलायसारखा.

मी दात वाजवत म्हटलं, "तुम्ही… तिकडं… बसला होता ना?"

"ती बसायची बादली आहे माझी, मंगळवारी तिकडंच राहिलेली. आणायला गेलो नाही, बर्फ बघितलंस का? सकाळी काठाशीच गिरमिटानं भोक पाडलं, बर्फ जेमतेम चार बोटं जाड भरलं, ट्रकमध्ये जाऊन झोपलो."

"अहो, पण फोन!"

"झोपलो होतो म्हटलं ना! तुझ्या हाकेनं जाग आली. तू नकाशा नाही बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"हिरवा होता."

त्यांनी माझ्या मागं बोट केलं. "आणि ती पाटी?" मागं बघतो तर उतारावर खुर्ची, खुर्चीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर हातभर अक्षरं, 'नकाशा बिघडलाय. बर्फावर जाऊ नका.' मी तिच्या शेजारूनच पळत आलो होतो. आणि पुठ्ठ्यामागून साक्षात लवर्नबाई, हातात थर्मास! "मार्च महिन्यात अख्खं तळं हिरवं? डोळे आहेत मला! पहाटेपासून बसलेय, एकालाही जाऊ दिलं नाही. कॉफी भरायला ट्रकपर्यंत काय गेले, तेवढ्यात तूच?"

घोंगडीत गुंडाळलं मला. मी कुडकुडत म्हणालो, "बाई, आता नीट आहे, जांभळा घातलाय," आणि ऑर्विलच्या फोनवर दाखवला. त्यांनी तो नकाशा कधी उघडलाच नव्हता, त्यामुळं तिथं पहिल्याच फटक्यात आला. बाईंनी चष्मा वर केला. "हा? हा कसला, नवरीच्या मैत्रिणींच्या झग्याचा जांभळा! बघून भीती नको वाटायला?" मग माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, हनुवटी धरून उजेडाकडं वळवली, आणि म्हणाल्या, "हलू नकोस. ऑर्विल, ह्याच्या ओठांचा फोटो काढ. हा खरा जांभळा!"

तेव्हा आता माझ्याकडं सात रंग आहेत.