कप्तानाचा भोंगा

(पाराना नदीकाठचं लहानसं गाव. टेकडीवर स्वयंसेवकांच्या अग्निदलाचं ठाणं. मनोऱ्याच्या माथ्यावर इरुपे, हातात बॅटरीवरच्या कर्ण्याचा माइक. तेओफिलो जिना चढून वर येतो. लख्ख ऊन.)

तेओफिलो: वाजली?

इरुपे: नाही.

तेओफिलो: एकही नाही?

इरुपे: टेकडीवरच्या सगळ्या वाजल्या. चौकातल्या वाजल्या. खालच्या वस्तीतून मात्र 'ऐकलं' म्हणून एकसुद्धा बादली वाजली नाही.

तेओफिलो: वारा उलटा आहे. ऐकू गेलं नसेल.

इरुपे: गेलंय. मी 'नदी चढती आहे' म्हटलं तेव्हा दोन बायका कपडे वाळत घालत होत्या. त्या थांबल्या. मनोऱ्याकडे बघितलं. मग पुढचा कपडा झटकला.

तेओफिलो: त्यांचं तरी काय चुकतंय? आभाळ घासून ठेवल्यासारखं. थेंब नाही. आणि आपण सकाळपासून कर्ण्यातून ओरडतोय, पूर आला, पूर आला. माझं मलाच हसू येतं.

इरुपे: पाऊस इथे पडलाच नाही. वर पडला, आठवडाभर. तोच आता चालत येतोय. वरच्या गावच्या बंबवाल्यांचा रेडिओ आला होता. त्यांच्या धक्क्याचा कठडा दिसेनासा झालाय.

तेओफिलो: कठडा? तो तर माझ्या छातीएवढा आहे.

इरुपे: त्यांच्याकडे सकाळी आलं ते आपल्याकडे जेवणाच्या वेळेला येतं. आधी खालचं मैदान जाईल, मग बांधावरचा रस्ता. रस्ता गेला की खालची वस्ती बेट. आणि आपल्याकडे होडी एक.

तेओफिलो: तीही गळकी. मी खाली दारोदार जाऊन आलो, तुला सांगितलं नाही. कोणी आत बोलावलं नाही. साधा थंड तेरेरे चहाचा पेलासुद्धा पुढे केला नाही. लहानपणापासून त्या अंगणांत वाढलोय मी. एकाने एवढंच विचारलं, मागच्या खेपेला आम्हाला वर नेलंत, पाणी आलं नाही, कोंबड्या मात्र गेल्या. त्या सापडल्या का?

इरुपे: ते दोन वर्षांपूर्वीचं. त्यानंतरही बादल्या वाजत होत्या. बाबा सांगायचे तेव्हा वाजायच्या.

तेओफिलो: कप्तान सांगायचा तेव्हा. हं.

इरुपे: बोल.

तेओफिलो: काही नाही.

इरुपे: तू सकाळपासून त्या हाताने फिरवायच्या भोंग्याच्या दांड्याकडे बघतोयस.

तेओफिलो: बघायला बंदी आहे का? वीज गेलीय, हाच एक भोंगा उरला, म्हणून बघतो. आता विषय तूच काढलास म्हणून बोलतो. आग असली की आपण तोडून तोडून वाजवतो. सलग, लांब वाजला की आपल्यातला कोणी गेला. आणि लांब भोंगा झाला की या गावात घरात कोण उरतं? चुलीवरचं भांडं उतरवतात आणि निघतात. आजाऱ्याला खाटेसकट आणतात. बादली पालथी धरून सगळे इथे, ठाण्यापुढे. म्हणजे टेकडीवर. आपल्याला तेच तर हवंय.

इरुपे: आल्यावर विचारतील, कोण गेलं.

तेओफिलो: मला मार. मी बंबामागे जाऊन आडवा होतो. रात्रभर जागलोय, चेहरा तसाच दिसतोय.

इरुपे: तेओ.

तेओफिलो: माणसं वाचतील, इरुपे. नंतर शिव्या घालू देत.

इरुपे: नंतर शिव्या घालणार नाहीत. नंतर येणारच नाहीत. बाबा म्हणायचे, बंब मोडला तर दुरुस्त होतो. भोंगा एकदा खोटं बोलला की तो पत्र्याचा डबा. पुढच्या वेळी खरोखर आग असेल आणि माणसं कपडे झटकत उभी राहतील. आत्ता उभी आहेत तशीच.

तेओफिलो: मग काय करायचं ते तू सांग. मी ट्रक चालवणारा माणूस. प्रमुख केलंत मला, कारण कप्तानाचे बूट माझ्या पायाला बसले.

एर्मेलिंदा: वर कोण आहे? तो कर्णा बंद करणार आहात की दगड मारू?

तेओफिलो: दोन्या एर्मेलिंदा. खालच्या वस्तीतून आल्या. देवा, जिना चढताहेत. मावशी, थांबा तिथेच, आम्ही खाली येतो.

एर्मेलिंदा: तुम्ही खाली याल तोवर मी म्हातारी होईन. सरक. बसू दे. माझ्या नवऱ्याला, सिल्वानोला, पायाच्या दुखण्याने रात्रभर झोप नाही, सकाळी जरा डोळा लागला तर तुमचं सुरू. चढती आहे, चढती आहे. नदी चढायचीच. तिला दुसरं काम काय?

इरुपे: दोन्या, हे बघा इथून. त्या वळणाकडे.

एर्मेलिंदा: जलपर्णी वाहतेय. दर वर्षी वाहते.

इरुपे: दर वर्षी पुंजके वाहतात. हे बेट आहे. त्याच्यावर बघा.

एर्मेलिंदा: माझी नजर तेवढी नाही. काय आहे?

तेओफिलो: हरीण. दलदलीतलं, मोठं. उभं आहे, मावशी. झाडासकट बेट वाहतंय आणि हे त्याच्यावर उभं, जसं काही तिकीट काढून निघालंय.

एर्मेलिंदा: हरीण बेट सोडून उतरत नाही म्हणजे खाली पाय टेकायला जागा नाही.

इरुपे: म्हणजे तुम्हाला कळतंय.

एर्मेलिंदा: मला काय, सगळ्यांना कळतंय. नदीकाठी जन्मलो आम्ही. घराखालच्या मुंग्या परवाच अंडी घेऊन छपरावर गेल्या.

इरुपे: मग बादली का वाजवत नाही?

एर्मेलिंदा: कोणासाठी वाजवू?

तेओफिलो: मावशी, असं काय बोलता.

एर्मेलिंदा: तू गप्प बस. पाळण्यात असल्यापासून ओळखते तुला. हिला विचारते. लाकडाची वखार पेटली तेव्हा माझ्या सिल्वानोला पाठीवर टाकून कोणी बाहेर आणलं?

इरुपे: बाबांनी.

एर्मेलिंदा: आणि तो माणूस गेला हे मला कुठे कळलं? पाववाल्याकडे. चिपा पाव घेताना. माझ्यामागे उभी असलेली बाई म्हणाली, कप्तानाला रविवारीच पुरलं की. माझ्या हातातली चिपा तशीच राहिली. घरी येऊन सिल्वानोला सांगितलं, तर तो म्हणाला, खोटं आहे, भोंगा कुठे झाला? आजही तेच म्हणतो. भोंगा झाला नाही म्हणजे माणूस गेला नाही.

इरुपे: तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत?

एर्मेलिंदा: कोणी काही ठरवलं नाही, पोरी. हात बादलीकडे जात नाही, एवढंच. ज्या भोंग्याने आम्हाला त्याचं सांगितलं नाही, त्याने पाण्याचं सांगितलं तर कसं ऐकायचं?

तेओफिलो: मावशी, ते आमचं चुकलं. म्हणजे माझं. मी दांड्याला हात लावला होता, पण...

इरुपे: मी नको म्हटलं.

एर्मेलिंदा: ते माहीत आहे. का, ते माहीत नाही.

इरुपे: शेवटी त्यांना आवाज सोसायचा नाही. दार लागलं तरी दचकायचे. एवढ्या आगींत शिरलेला माणूस, आणि चमचा पडला की डोळे घट्ट मिटायचे. शहरातल्या त्या हॉस्पिटलात मी चपला काढून वावरायची. पेल्याखाली रुमाल ठेवायची. ते गेले, त्यांना इथे आणलं, तरी माझं तसंच चाललं होतं. तेओने विचारलं, वाजवू? माझ्या तोंडून निघालं, नको, हळू.

एर्मेलिंदा: हळू.

इरुपे: हो.

एर्मेलिंदा: आता दचकणार नाही गं तो.

इरुपे: नाही.

तेओफिलो: मैदानात काहीतरी चमकतंय. फुटबॉलच्या गोलखांबापाशी. काच आहे का?

इरुपे: काच नाही.

एर्मेलिंदा: एवढ्यात?

इरुपे: दोन्या, एक विचारते. लांब भोंगा त्यांचा आहे. तो वाजायचा राहिलाय. आज वाजवला तर ते खोटं होईल का?

एर्मेलिंदा: आणि माणसं आली की लगेच पुराचं सांगणार. बापाला गळाला लावून मासे धरणार.

इरुपे: आधी त्यांचं नाव सांगेन. उशीर का झाला तेही सांगेन. मग नदीचं. काही लपवणार नाही. तरी तुम्ही नको म्हणालात तर नाही वाजवणार.

तेओफिलो: इरुपे, पाणी...

इरुपे: तिला बोलू दे.

एर्मेलिंदा: तो काय म्हणाला असता माहीत आहे? म्हणाला असता, भोंगा गंजत ठेवलात तो ठेवलात, आता निदान कामाला तरी लावा. वाजव रे. काय बघतोस तोंडाकडे?

तेओफिलो: कान झाका, मावशी.

एर्मेलिंदा: कशाला झाकू? याच्यासाठीच तर थांबले होते.

तेओफिलो: बाप रे. जडच आहे दांडा. काय दिसतंय? मला इथून भिंतच दिसते. सांगत राहा.

इरुपे: काही नाही. कुत्री बाहेर आली. बायका थांबल्या. कपडे हातात तसेच.

तेओफिलो: मग?

इरुपे: तशाच उभ्या आहेत. एकीने कपडा टोपलीत टाकला. आत गेली.

तेओफिलो: दार लावून घेतलं?

इरुपे: बाहेर आली. बादली आहे हातात.

एर्मेलिंदा: पालथी?

इरुपे: पालथी. मागे पोरं. शेजारच्या घरातूनही. होड्या बांधणारा म्हातारा टोपी काढून निघालाय. तेओ, सगळी दारं उघडताहेत. एकामागून एक, खालपासून वरपर्यंत. कोणी हाक मारत नाहीये. कोणी पळत नाहीये. बांधावर आले.

तेओफिलो: पाणी कुठे आहे?

इरुपे: बांधाच्या दोन्ही अंगांना. मैदान नाही आता. सगळं आरशासारखं आहे आणि मधून ही ओळ येतेय. पाण्यातही तीच ओळ दिसते, उलटी. पाण्यातल्या बादल्या मात्र सुलट दिसताहेत.

एर्मेलिंदा: खाट दिसते का? सिल्वानोची?

इरुपे: अजून नाही.

एर्मेलिंदा: आणतील. लांब भोंगा झाला की कोणाला मागे ठेवत नाहीत. शेजारचे आणतील.

तेओफिलो: हात भरून आला. थांबू का घटकाभर?

एर्मेलिंदा: शेवटचं घर आल्याशिवाय थांबवायचा नाही. हात तुटला तर दुसऱ्याने फिरव.

इरुपे: पहिले लोक ठाण्यापुढे पोचले. बादल्या खाली ठेवताहेत. मागचे अजून बांधावर. रस्ता ओला झालाय. ओला नाही, पाणी आहे. घोट्याएवढं. तरी चाल तीच. मी असं काही कधी पाहिलं नाही.

एर्मेलिंदा: मी पाहिलंय. तू जन्मायच्या आधी. असाच आवाज, अशीच माणसं. पाणी नव्हतं एवढंच. खाट सांग.

इरुपे: वस्तीत आता कोणी दिसत नाही.

एर्मेलिंदा: नीट बघ. आमच्या दारात आंब्याचं झाड आहे.

इरुपे: झाड दिसतंय. दार उघडं आहे. खाट नाही, दोन्या.

एर्मेलिंदा: मी जाते.

तेओफिलो: कुठे जाता? रस्ता गेला खालचा. इरुपे, धर त्यांना.

इरुपे: थांबा. थांबा जरा. बांधाच्या अलीकडे, वळणावर. चौघं जण आहेत. खाट नाही, खुर्ची. स्वयंपाकघरातली, निळी. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलंय आणि ते तिला वर धरून येताहेत. खुर्चीत सिल्वानो.

एर्मेलिंदा: मांडीवर काय आहे त्याच्या?

इरुपे: बादली.

एर्मेलिंदा: हं. निळी खुर्ची. पाय डुगडुगतो तिचा. मी शंभरदा सांगितलं होतं दुरुस्त कर म्हणून.

इरुपे: चढावर आले. सगळे बाजूला होऊन वाट देताहेत. तेओ, थांबव. शेवटचं घर आलं.

तेओफिलो: कानात अजून वाजतोय. पण हे काय, शांत किती झालं. नदीचा आवाज ऐकू येतो.

एर्मेलिंदा: बोल, पोरी. बघताहेत सगळे वर.

इरुपे: खालच्या वस्तीतल्या, चौकातल्या, टेकडीवरच्या सगळ्यांना. या ठाण्याचे बंबवाले, कप्तान अनिसेतो, गेल्या महिन्यात गेले. हा त्यांचा भोंगा होता. उशीर माझ्यामुळे झाला. आता दुसरी बातमी. नदी चढती आहे. बांधावरचा रस्ता बंद झालाय. खाली परत जाऊ नका. सामानाचं होडीने बघू, कोंबड्यांचंही. ऐकलंत ना? शेजारच्याला सांगा.

तेओफिलो: कोणी वाजवत नाही.

इरुपे: रागावलेत.

एर्मेलिंदा: पालथी बादली वाजवत नसतात. दुखवटा आहे ना.

इरुपे: मग कळणार कसं?

एर्मेलिंदा: थांब की जरा. त्याच्याकडे बघ, खुर्चीतल्याकडे. ओणवतोय. पडणार आहे मेला तोंडावर. नाही. घेतली. सुलट केली.

तेओफिलो: वाजवली. ऐकलंत? एक.

इरुपे: हो.

तेओफिलो: आता त्याच्या शेजारचा. ती कपडेवाली. सगळेच सुलट करताहेत, इरुपे. अख्खी टेकडी वाजतेय. मनोरा हलतोय की माझे पाय?

इरुपे: खाली वस्तीत शिरलं पाणी. आंब्याच्या झाडापाशी आहे. केवढं शांतपणे शिरतंय. जसं घर त्याचंच आहे.

एर्मेलिंदा: ते हरीण गेलं का पुढे?

इरुपे: गेलं. अजून उभंच होतं.

एर्मेलिंदा: बरं. पुढची बातमी कधी देणार?

इरुपे: दर तासाला.

एर्मेलिंदा: मग आवाज जरा मोठा काढ. कप्तानही सुरुवातीला असाच पुटपुटायचा.