पिवळी चिठ्ठी, पांढरी चिठ्ठी

समारंभाचे अध्यक्ष जज्ज स्टाइल्ससाहेब, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीबुवा, गावातल्या बंधुभगिनींनो, आणि वॉशिंग्टनची बावीस वर्षांची खासदारकी संपवून घरी परतलेले आपले सत्कारमूर्ती, माननीय लेम्युएल क्रॅबट्रीसाहेब,

मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि गौरवपर बोल असं बजावलंही आहे. गावचा पोस्टमास्तर म्हणून ते माझं कर्तव्यच. ही खुर्ची मला साहेबांनीच दिली. का दिली, ते आज सांगितलं तर चालेल ना, साहेब?

कालव्याला नवे दरवाजे आणतो, असं साहेब अकरा निवडणुका सांगत आले. दरवाजे काही आले नाहीत. दर वसंतात साहेबांची भेट म्हणून सरकारी टपालाने सलगमचं बी मात्र घरोघर आलं. आमच्या घरात आता सलगमचं नाव काढलं तरी मुलं ताटावरून उठतात.

पण साहेबांचा खरा गुण म्हणजे नजर. मतदानाच्या चिठ्ठ्या पक्षच छापतात. साहेबांची पिवळी, विरोधकांची पांढरी. कचेरीच्या खिडकीतून ती आत द्यायची, सगळ्या चौकादेखत. बारा वर्षांपूर्वी त्या खिडकीआड कारकून मी होतो. आदल्या दिवशी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "एफ्राइम, पांढरी कोण कोण देतं, तेवढं टिपून ठेव. तुझं भलं होईल."

झालं की भलं.

कालव्याचे दरवाजे सांभाळणारा एसा प्रुइट त्या दिवशी पांढरी घेऊन आला. मी पाहतोय म्हटल्यावर हसला. "पिवळी पण मिळाली होती रे," म्हणाला, "तिच्यावर पाइप पेटवला." पंधरवड्यात त्याची नोकरी गेली, नोकरीबरोबर कालव्याकाठचं घर गेलं. पिऊन दरवाजा उघडा टाकला, असं गावभर झालं. त्याच हिवाळ्यात बहिणीच्या गोठ्याच्या माळ्यावर छातीत कफ होऊन तो गेला. पाद्रीबुवा, दारुड्याच्या कबरीवर काय बोलायचं, म्हणून तुम्ही गप्प उभे राहिलात. आठवतं?

जज्जसाहेब, घंटी राहू द्या. माझी दोन मिनिटं बाकी आहेत.

एसाची बायको लव्हीसाबाई शेवटच्या बाकावर बसल्या आहेत. एकदा पोस्टाच्या खिडकीशी येऊन त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "ते खरंच प्यायले होते का हो?" मी मान खाली घालून पाकिटांवर शिक्के मारत राहिलो.

लव्हीसाबाई, तो प्यायला नव्हता. दरवाजाही उघडा राहिला नव्हता. त्याने पांढरी चिठ्ठी दिली, एवढंच घडलं होतं. यादी मी साहेबांना दिली, आणि साहेबांनी शिकवलेली दारूची गोष्ट या गावात पहिल्यांदा मीच सांगितली.

अध्यक्षमहाराज, बोलू दिलंत, आभारी आहे. पोस्टाच्या किल्ल्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवल्या आहेत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. लव्हीसाबाईंनी मात्र घालू नये.