सोललेल्या बाटल्या

दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर आजी-आजोबा बसले होते. आजींच्या मांडीवर गोळ्यांच्या चार बाटल्या होत्या, पण एकीवरही लेबल नव्हतं.

“अहो, लेबलं कशाला सोललीत?”

“प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा. कचरा तसाच द्यायला सांगितलंय.”

“ते रिकाम्या बाटल्यांचं. या भरलेल्या आहेत.”

“कधीतरी रिकाम्या होणारच. ऐनवेळी धावपळ नको, म्हणून आधीच भिजवून काढली.”

“आता यातली रक्तदाबाची कुठली, झोपेची कुठली?”

“लेबलांवर लिहिलं होतं की.”

“मग लेबलं कुठायत?”

“कालच्या रद्दीत गेली.”

“धन्य आहे तुमची. आणि सकाळी मला कुठली गोळी दिलीत?”

“पांढरी.”

“चारही बाटल्यांत पांढऱ्याच आहेत.”

“म्हणून तर सकाळपासून विचारतोय, झोप येतेय का तुला?”