देऊळ कशावर उभं असतं?

मंडळी, ऐका. पेटीवाले, जरा दम धरा. मागची पोरं, मोबाईल खिशात! आज एकच सवाल आहे — देऊळ कशावर उभं असतं?

पाटील म्हणतात पायावर. मावशी म्हणतात श्रद्धेवर. बरं! दोघंही खाली बसा.

समुद्रापल्याड कंबुज देश, म्हणजे आजचा कंबोडिया. तिथल्या एका राजाला वाटलं, महादेवाला कैलास इथंच बांधून द्यावा. दगड तराफ्यावरून आणले, हत्तींनी ओढले. मधे चुना नाही, गारा नाही — दगडावर दगड घासायचा, फटीत केस जाऊ नये इतका! पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर झाला, वर कमळाच्या कळ्यांसारखी शिखरं. आणि पोटात काय भरलं? वाळू! हसू नका. ओली वाळू ठोकून भरली की दगडासारखी बसते. फक्त ती ओली राहिली पाहिजे. म्हणून चहूबाजूंनी खंदक, खंदकात पाणी. डोंगराकडून कालवा यायचा, तो खंदक भरायचा. कालव्यातला गाळ गावकरी दर उन्हाळ्यात काढायचे. शिलालेखात त्यांचं नाव आहे का? छे! राजाचंच.

खंदकाला एक लाकडी दार. उचललं की पाणी शेतात. त्याची राखण म्हाताऱ्या सोखाकडं. सोखा म्हणजे सुखी — नावच तेवढं सुखी! तरुणपणी त्यानं हेच दगड घासले होते, बोटांच्या रेषा गेल्या होत्या. देऊळ म्हणजे त्याचा जीव.

मग एक पावसाळा कोरडा गेला. पुढच्या सालीही गेला. भात करपलं. बसलेली गुरं उठलीच नाहीत. खंदकात मात्र गळ्याइतकं पाणी, अन् त्यात शिखरांची सावली — कशी ऐटीत!

सोखाची लेक चन्ता आली. काखेत पोरगं, त्याला रडायचंही त्राण नाही. म्हणाली, "बा, दार उचल. एकदाच."

सोखा म्हणाला, "पाणी उतरलं तर वाळू सुटंल. वाळू सुटली तर देव कलंडंल."

"मग देवाला सांग, थोडा कलंड. आम्ही तर आडवेच झालोय."

म्हाताऱ्यानं काय केलं? दाराला पाठ लावून बसला. नातवाकडं बघितलंच नाही — बघितलं असतं तर उचललं असतं दार, हे त्याला ठाऊक होतं!

पोरगं गेलं. त्याला पुरून गाव उठलं, मोठ्या नदीच्या काठानं खाली निघून गेलं. चन्ता बापाला न भेटता गेली. सोखा एकटाच. पण देव सरळ होता. वाचवला की नाही देव?

थांबा. पुढं पाऊस आला. धो धो! पण कालव्यात गाळ. काढणार कोण? पाणी वळलं, रानात पसरलं, खंदकाकडं आलंच नाही. दिवसागणिक खंदकाचा तळ दिसायला लागला. म्हातारा मडक्यानं पाणी आणून भिंतीच्या बुडाशी ओतायचा. अहो, मडक्यानं डोंगर भिजतो का?

एका दुपारी कोपरा खचला. घासून बसवलेले दगड एकमेकांपासून सुटले. सोखा दोन्ही हात लावून भिंतीला उभा राहिला, जसं काही ती थांबणार होती. हाक कुणाला मारली? महादेवाला नाही. चन्ताला मारली. ऐकायला कुणी नव्हतं.

देऊळ वाळूवर, वाळू पाण्यावर. आणि पाणी? पाणी माणसांवर होतं, मंडळी.

आता तुमच्याकडं येतो. उठू नका! या देवळाच्या बोअरला पाणी आहे. बोअरला कुलूप आहे. आणि त्या मांडवाच्या कडेला, अंधारात, खालच्या वस्तीच्या बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या आहेत. त्यांना वाटतंय मला दिसत नाही. किल्ली कुणाच्या करगोट्याला आहे, नाव घेत नाही — मला आज त्यांच्याच घरी जेवायचंय.

टाळकरी, टाळ खाली ठेवा. मृदंग बंद. कुलूप निघाल्याचा आवाज माझ्या कानावर येऊ द्या. तोवर आज इथं गजर होणार नाही.

मी थांबलोय.