पाव फेरा

(दुपार. खिडकीजवळ शिलाई मशीन. घरात दोघी जावाच.)

धाकटी : ताई, ही तिसरी कॉलर गेली. बघा, खालचा दोरा वर येतोय.

थोरली : मला काय दाखवतेस? नव्या मशीनच्या यादीत नाव तुझं लागलंय. निवड झालेल्या बाईला तरी कळायला हवं.

धाकटी : उद्या अकराला प्रशिक्षणाच्या मॅडम घरी येणार. त्यांच्यासमोर एक कॉलर शिवून दाखवायचीय. अशी टीप बघितली तर नाव तिथल्या तिथं खोडतील.

थोरली : खोडू देत. काही आभाळ कोसळत नाही.

धाकटी : तुमच्यावर नाही कोसळत.

थोरली : माझ्यावर कोसळून झालंय, बाई. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता. याच मशीनवर, याच खिडकीत शिकवलं मी तुला. आणि वर्गात त्या मॅडम तुझी वही उचलून सगळ्यांना दाखवतात, 'मापं अशी लिहायची.' मी मागच्या बाकावर. वीस वर्षं लोकांची मापं डोक्यात ठेवलीत मी.

धाकटी : मुलाखतीतही तेच सांगितलंत. त्यांनी विचारलं, तुम्ही आजारी पडलात तर हाताखालच्या बायकांनी मापं कुठून घ्यायची?

थोरली : मी आजारी पडत नाही.

धाकटी : हेही तिथं म्हणालात.

थोरली : दाराला कान लावून बसली होतीस का?

धाकटी : कान कशाला लावायचा? बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येत होतं.

थोरली : घरटी एकच बाई, म्हणे. नवं मशीन तुला, शाळेच्या गणवेशांचं काम तुला. काल किराणावाला मला सांगतो, 'धाकट्या वहिनींनी नाव काढलं हं!' माझ्या हातचा शर्ट अंगात घालून सांगतो मेला!

धाकटी : सुई बदलली मी. वरचा दोरा पुन्हा ओवला. तेलही घातलं.

थोरली : मग हातच बसला नसेल तुझा.

धाकटी : हात नाही, ताई. खालच्या दोऱ्याच्या बॉबिन केसचा स्क्रू. कुणीतरी पाव फेरा सैल केलाय.

थोरली : जुनं मशीन आहे. थरथरून होतो सैल.

धाकटी : सकाळी बसवला होता मी. स्क्रूवर एक आणि केसवर एक, असे समोरासमोर दोन ठिपके दिले होते नेलपॉलिशचे. अंघोळीहून आले, तर स्क्रूवरचा ठिपका सरकलेला.

थोरली : हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही.

धाकटी : मशीन-दुरुस्तीच्या तासाला शिकवलं. 'मला कोण मशीन शिकवणार,' म्हणत तुम्ही उठून गेलात, तो तास.

थोरली : घरी भांडी पडली होती.

धाकटी : ती मी घासून निघाले होते.

थोरली : ...ठाऊक होतं, तर तीन कॉलरी वाया का घालवल्यास? फिरवायचास स्क्रू.

धाकटी : तुम्ही फिरवाल म्हणून थांबले.

थोरली : आणि नसता फिरवला तर?

धाकटी : उद्या पावणेअकराला मी फिरवला असता. पण मग मला तुमच्याशी कधी बोलता आलं नसतं.

थोरली : ...छोटा पेचकस कुठं ठेवलास?

धाकटी : तुमच्या कमरेला खोचलाय. सकाळपासून.

थोरली : हं. आण ती केस इकडे. तुझे ठिपके दिसत नाहीत मला, चष्मा नाही. मी दोरा ओढूनच बघते. ...घे, बसव. टाक टीप. हळू. कोपऱ्यावर सुई कापडातच राहू दे, मग वळव.

धाकटी : आली! ताई, बघा ना, सरळ आली.

थोरली : दिसतंय मला. चांगली आलीय. इतकी चांगली यायला नको होती.

धाकटी : ताई...

थोरली : उद्या या खुर्चीवर तू बसणार. मॅडम आल्या की मी कुठं बसायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेव.